नाव विचारू नको

मालू, उद्या तुझं तेरावं आहे आणि मी अजून एकदाही नीट रडलेले नाही. रडायला बसले की आधी रागच येतो. तुझा येतो, माझा येतो, त्या डॉक्टरांचा येतो, आणि शेवटी शेजारणीच्या मिक्सरचा येतो. मग रडायचं राहून जातं.

शाळेत शोकसभा झाली. तुझा फोटो, हार, उदबत्ती. हेडसर उभे राहिले आणि म्हणाले, "मालतीबाई म्हणजे शांत, मनमिळाऊ आणि आज्ञाधारक शिक्षिका." आज्ञाधारक! मला भर सभेत हसू फुटलं. तोंडावर पदर दाबला, तर सगळ्यांना वाटलं बाईंना हुंदका आला. अगं, याच सरांच्या टेबलावर पाठ्यपुस्तक आपटून "सर, ह्यात चूक हाय" म्हणणारी तू! फोटो तरी मेल्यांनी कुठला निवडावा? ओळखपत्रावरचा. त्यात तू पुढचे दात लपवायला ओठ मिटून बसलेली, तशी तू आयुष्यात कधी बसली नाहीस. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठलेच नाही.

दोन शब्द मला बोलायचेच नाहीत. मला तुझ्याकडून एक उत्तर हवंय आणि तू ते न देता निघून गेलीस. शेवटच्या त्या दिवसांत तू मला ओळखत होतीस का? एवढंच सांग. हो की नाही. भाजी चिरताना तेच डोक्यात, फळा पुसताना तेच. माझं नाव तेवढं गेलं होतं आणि मी होते, की मीच उरले नव्हते तुझ्यात? पहिलं खरं असेल तर माझी मालू शेवटच्या श्वासापर्यंत होती. दुसरं असेल तर ती आधीच कधीतरी गेली, कधी गेली तेसुद्धा मला कळलं नाही, आणि मी पोलादपूरची एसटी धरून दर रविवारी कुणा परक्या बाईला भेटून येत होते. 

तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुले, प्रश्न नीट मांड." मांडते. सातवीच्या वर्गात मांडतो तसाच मांडते. तुझ्यात झालेला बदल भौतिक होता की रासायनिक?

आपलं पहिलं भांडण यावरूनच झालं होतं. सातवी 'अ' माझी, सातवी 'ब' तुझी. मी मुलांना सोप्पं करून सांगायचे, जे पुन्हा पहिल्यासारखं करता येतं तो भौतिक बदल, करता येत नाही तो रासायनिक. बर्फाचं पाणी होतं, पाण्याचा बर्फ होतो. कागद जाळला की राख, संपला विषय. पाठ करायला सोपं आणि मार्क पक्के. तू वऱ्हांड्यातून जाताना ते ऐकलंस. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आलीस आणि सगळ्यांदेखत माझ्या हातातलं वर्तमानपत्र ओढून टराटरा फाडलंस.

"घे. कर परत पयल्यासारखं."

"वेडी आहेस का तू? माझं कोडं होतं त्यात!"

"नाय होत ना परत? मग ह्यो रासायनिक बदल झाला काय?"

"फाडलास तरी कागदच आहे तो," मी ओरडले.

"मग तेच सांग ना पोरांना! परत येतंय का नाय, हे इचारूच नको. नवीन पदार्थ झाला का, येवढंच इचार. कागदाचे हजार तुकडे केले तरी तो कागद हाय. जळला की मग कागद नाय ऱ्हात."

वर्गात तू अगदी पुस्तकासारखं बोलायचीस. माझ्याशी बोलताना आणि रागावलीस की मात्र पोलादपूरकडच्या तुझ्या वाडीवरची भाषा. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेली, मला तुझ्या वाक्यावाक्यातल्या त्या 'गो'चं फार हसू यायचं. पण त्या दिवशी हसू आलं नाही. तू बरोबर होतीस, त्याचा राग जास्त होता, आणि कोडं अर्धं सुटलेलं होतं त्याचाही.

तेवढ्यात शिपाई चहाची किटली घेऊन आला. आणि इथे ते पहिल्यांदा घडलं. चहावर आलेली साय मला लहानपणापासून चालत नाही. नुसती ओठाला लागली तरी मी चहा टाकून उठते. मी कप फिरवून फिरवून, फुंकर मारून तिला कडेला ढकलायच्या खटपटीत होते. तू माझ्याशी तावातावाने भांडत होतीस आणि भांडता भांडताच हात पुढे केलास, माझ्या कपातली साय बोटावर उचललीस आणि तोंडात टाकलीस. बोलणं मध्ये थांबवलंसुद्धा नाहीस.

"शी! माझ्या चहात बोट घातलंस!"

"नखं कापलेली हायत. पी गप."

मग ते रोजचंच झालं. चहा आला की तुझं बोट माझ्या कपात. पेपर तपासताना, परीक्षेच्या गोंधळात, हेडसर सूचना देत असताना त्यांच्या नाकासमोर. नवीन आलेल्या बाया डोळे मोठे करून बघायच्या. मी तुला सायखाऊ मांजर म्हणायचे. "भाऊजी घरी साय देत नाहीत वाटतं हिला," असं सगळ्यांसमोर चिडवायचे, आणि तू मांजरीसारखी मिशीवरून हात फिरवून दाखवायचीस.

आणि साय धरणं हा कुठला बदल, यावर तर आपलं कधी मिटलंच नाही. मी म्हणायचे भौतिक. दुधात होतं तेच वर आलं, त्यात नवीन काय? तू म्हणायचीस रासायनिक. तापल्यावर दुधातली प्रथिनं बदलतात, अंडं उकडल्यावर बदलतात तशी. "परत ढवळून बघ, मिसळते काय ती?" म्हणालीस. मी लगेच पकडलं तुला. "आता परत येतं की नाही हे कोण विचारतंय? तूच ना?"  तुला अडकलेलं मी एकदाच पाहिलं. "उद्या सांगते," म्हणालीस. अजून सांगितलेलं नाहीस.

अंड्यावरून सवची सहल आठवली. सवच्या गरम पाण्याच्या कुंडात अंडं उकडून निघतं, असं मी वर्गात छातीठोकपणे सांगून बसले होते. तू म्हणालीस, नाय उकडणार. मी हट्टाने रुमालात अंडी बांधून पाण्यात सोडली. मुलांची जेवणं झाली, गाण्याच्या भेंड्या झाल्या, मग मी ऐटीत रुमाल वर काढला आणि सगळ्यांना गोळा करून एक अंडं फोडलं. पिवळा बलक माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तू पायरीवर बसून पोट धरून हसत होतीस. "आच पुरली नाय गो! पाणी गरम हाय, पण अंडं बदलायला अजून जरा पायजे!" मग माझा हात तूच धुतलास, साडीच्या निऱ्या वर खोचून, हसतहसत. त्या दिवसाबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. आता मानते. त्यानंतर इतकं कुणी हसलेलं मी ऐकलं नाही.

मग पूर आला. महाडला पाणी नवीन नाही, पण त्या वर्षी ते जे आलं ते कुणी विसरणार नाही. चवदार तळ्याजवळच्या आमच्या घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यापर्यंत चिखल. तुमच्याकडे वर दरडी कोसळत होत्या, रस्ता बंद होता. तो जरा मोकळा झाला तशी तू आलीस, फडक्यात भाकऱ्या बांधून, भाऊजींच्या मोटरसायकलवर मागे बसून. आधी माझं घर घासलंस, मग मला ओढत शाळेत नेलंस.

प्रयोगशाळा तळमजल्यावर. काचा फुटलेल्या, कपाट आडवं. पण घट्ट झाकणांच्या बऱ्याचशा बाटल्या शाबूत होत्या. फक्त वरचे कागद निघून गेले होते. एकाही बाटलीवर नाव नाही. ॲसिडच्या बाटल्या जाणत्या माणसांनी आधीच हलवल्या होत्या. उरल्या त्या भुकट्या, आणि त्याही बहुतेक पांढऱ्या. हेडसर दारातूनच म्हणाले, "खड्डा खणा आणि पुरून टाका सगळं."

"खड्ड्यातनं ते कुठं जाणार सर? हिरीत," तू म्हणालीस. मग बाटल्यांकडे बघून, जरा हळू, "फेकायचं कशाला? बाटलीतलं गेलं नाय. नुसतं नाव गेलंय."

भाऊजींनी कारखान्यातले त्यांचे जुने हातमोजे आपल्याला दिले आणि आपण वऱ्हांड्यात पोतं अंथरून बसलो. मी एकेक बाटली उचलून विचारायचे, "ही कोण असेल गं?" आणि तू दर वेळी तेच सांगायचीस. "नाव इचारू नको. वागणं बघ." पाण्यात टाकून बघ विरघळते का. व्हिनेगरचा थेंब सोड, फसफसते का बघ. चिमूटभर तापव. एक तापवल्यावर काळी पडली आणि जळक्या पाकाचा वास सुटला, ती साखर. एक तापवल्यावर पांढरा धूर होऊन वर गेली आणि नळीच्या थंड भागावर पुन्हा पांढरी होऊन बसली, तो नवसागर. मी टाळ्या वाजवल्या. मोरचूद तेवढा निळा, त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. "चाखून बघू का?" म्हणून मी बोट पुढे नेलं तर हातावर असा फटका मारलास की आजही जाणवतो. मग फळ्या लावल्या. गंधक, लोहकीस, ही मूलद्रव्यं एकीकडे. मीठ, सोडा, नवसागर, मोरचूद, ही संयुगं दुसरीकडे. उरलेली मिश्रणं खाली. घरात अजून चिखलाचा वास होता, गॅसवर ठेवायला धड पातेलं नव्हतं, आणि मी तिथे बसून सुखात होते. लाज वाटते सांगायला, पण होते.

एक बाटली उरली. अर्धी विरघळायची, अर्धी तळाशी बसायची, फसफसायची तीसुद्धा जराशीच. "मीठ आणि खडू, दे लिहून," मी म्हटलं. मला घरी जायची घाई होती. तू नाही म्हणालीस. गाळलंस, आटवलंस, पुन्हा गाळलंस. शेवटी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलंस, 'माहीत नाही', आणि तो बाटलीवर चिकटवलास.

"हे काय लेबल झालं?"

"खोटं नाव लावण्यापेक्षा बरं हाय."

ती बाटली अजून तिथेच आहे. कालच बघून आले.

आणि मग तुझीच नावं जायला लागली. आधी आपण हसलोच की. खडू हातात धरून तू म्हणायचीस, "ते... ते द्या ना जरा." परीक्षानळीला एकदा 'बांगडी' म्हणालीस, वर्ग लोटपोट झाला, तूही झालीस. मग डोकं दुखायला लागलं. मग मुंबईचं हॉस्पिटल, मेंदूतली गाठ, ऑपरेशन. तू परत आलीस ती डोक्याला रुमाल बांधून, उजवा हात मांडीवर पडलेला, आणि जिभेवर चारदोन शब्द. हो, नको, पाणी, बसा.

त्या 'बसा'ने माझा जीव घेतला. तुला वाडीवर आणल्यावर मी पहिल्यांदा आले तेव्हा नेहमीसारखी खळ्यातूनच ओरडत आले, "मालू, मेले, उठ, चहा टाक!" तू ओटीवर गोधडी पांघरून बसली होतीस. माझ्याकडे पाहिलंस, तलाठी आल्यावर हसावं तसं हसलीस आणि म्हणालीस, "या. बसा." बसा! मला! जिने पहिल्याच भांडणात माझा पेपर फाडला, जिने मला कधी 'तू' सोडून काही म्हटलं नाही, ती मला मानाने पाट दाखवत होती. मी बसले. काय करणार होते?

पण मी सोडलं नाही. दर रविवारी यायचे आणि तुझ्यासमोर बसून तेच धरून बसायचे. "मी कोण? सांग ना मालू. सु... सु... काय? सुलभा. म्हण." मोबाइलमधले फोटो दाखवले. सवचे, स्नेहसंमेलनाचे. तुझे ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, आणि डोळे भरायचे. एकदा भाऊजींनी मला गोठ्याकडे नेलं. पहिली पाळी करून तसेच आले होते, अंगाला कारखान्याचा वास. खाली बघत म्हणाले, "बाई, येक सांगू काय? तिला नाव नका इचारू. तुमी गेल्यावर रडत बसते ती. जेवत नाय."

मी त्या गरीब माणसावर खेकसले. "मग काय करू? गप्प बसून बघत राहू?" ते गोठ्यात वैरण टाकायला गेले. पुढच्या रविवारी मी पुन्हा विचारलं. कळत होतं, तरी विचारलं. तुझ्या उपासतापासाला हसणारी मी, तुमच्या वाडीच्या देवीपुढे नारळ ठेवून नवस बोलले. नाव नको आई, नुसतं एकदा तिने मला 'गो' म्हणू दे. देवीला काय, तिच्याकडे माझ्यासारख्या किती येत असतील.

शेवटच्या रविवारी मी काहीच विचारलं नाही. दमले होते. एसटी उशिरा आली होती, चढ चढून छाती भरली होती. तुझ्याजवळ नुसती बसले. भाऊजींनी चहा करून दोन कप आणून ठेवले आणि ते गुरांना पाणी दाखवायला गेले. मी आधी तुला पाजला, तोंड पुसलं, उशी सारखी केली. तोवर माझ्या चहावर साय धरली. कप उचलला, पाहिलं, आणि परत खाली ठेवला.

तेव्हा तुझा डावा हात गोधडीतून बाहेर आला.  कपाच्या काठाला लागला, थोडा चहा माझ्या साडीवर सांडला. बोट आत गेलं. साय उचलून तू तोंडाशी नेलीस, अर्धी हनुवटीला चिकटली. मग हात परत गोधडीत गेला आणि तू पुन्हा खळ्याकडे बघायला लागलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस.  मी तुझी हनुवटी पुसली आणि चहा प्यायले.

त्यानंतर आठवडा पुरा व्हायच्या आत भाऊजींचा फोन आला.

आता सांग, मी याचं काय करू? वाटतं ओरडून सांगावं, तिने मला ओळखलं! आणि लगेच तू माझ्या हातावर फटका मारतेस. एका थेंबावरून निष्कर्ष काढायचा नाही. तू होतीसच सायखाऊ. समोर साय दिसली, बोट गेलं, एवढंच असेल. रोज सकाळी भाऊजींच्या कपातही असंच बोट घालत असशील. मग ती ओळख कुठली? ती नुसती जिभेची सवय. माझ्या जागी तलाठी बसला असता तरी त्याच्या कपात बोट गेलं असतं.

हे एकच माणूस सांगू शकेल. उद्या मी भाऊजींना विचारू शकते. आणि मला इतकी भीती वाटतेय मालू, पुराचं पाणी जिन्याच्या पायऱ्या चढत होतं तेव्हा वाटली नव्हती एवढी. ते म्हणाले, "हो बाई, माझ्या कपातली पण काढायची," तर माझ्याकडे काय उरतं? काही नाही. नाही विचारलं तर निदान ती 'माहीत नाही'ची बाटली तरी माझ्याजवळ राहील. मी आयुष्यभर तिला धरून बसेन.

पण खोटं नाव लावायचं नाही म्हणालीस ना. तू गेलीस आणि नियम मात्र माझ्या गळ्यात बांधून गेलीस, सटवे.

* * *

वरचं सगळं काल लिहिलं. तसंच राहू दे. आज जाऊन आले.

तुझ्या घरी गर्दी होती. मुंबईहून तुमची झाडून सगळी माणसं आली होती. वडे, खीर, पंगतीवर पंगती. तुझ्या फोटोपुढे पान वाढलं होतं. हा फोटो बरा होता, दात दिसत होते. मी वाढायला लागले, भांडी विसळली, कुणाकुणाशी बोलले, आणि दर थोड्या वेळाने भाऊजींकडे बघत होते. विचारायचं धाडस होईना. एकदा जवळ गेले आणि "मीठ कुठे आहे?" असं विचारून परत आले.

दुपार उतरली तशी माणसं पांगली. भाऊजी ओटीच्या पायरीवर येऊन बसले. केस काढलेलं डोकं, बसल्या जागी लहान झाल्यासारखे. पुतणीने आम्हा दोघांना चहा आणून दिला. आम्ही दोघंही कप खाली ठेवून खळ्याकडे बघत होतो. साय धरली. माझ्या कपावर, त्यांच्याही कपावर.

"भाऊजी," मी म्हटलं, आणि कपाचा कान फिरवत राहिले. पुन्हा म्हटलं, "भाऊजी, मालू तुमच्या चहातली साय काढून खायची का हो?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. या बाईचं डोकं फिरलं असंच वाटलं असणार त्यांना. मग म्हणाले, "साय? मालू?"

"हो."

"नाय वो बाई." आणि तू गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना हसू आलं. "तिला सायीचा वाससुदिक चालायचा नाय. दुधाचं पातेलं मीच घासायचो. लगीन झालं तवा आयनं कवतिकानं साय-साखर दिली व्हती तिला. परसात जाऊन ओकली. मंग घरात कुणी तिच्यापुढं साय नाय आणली कदी."

  ते हसता हसता थांबले, डोळ्यांना उपरणं लावलं. कधीतरी पुतणी येऊन कप घेऊन गेली, तसेच्या तसे.

एसटीत खिडकीशी बसून मी एकच गोष्ट उलटसुलट करत आले. अगं, मग बशीच्या काठावर ठेवायचीस ना! टेबलाला पुसायचीस. मग कळलं. बशीत, टेबलावर, कुठेही ठेवली असतीस तरी ती माझ्या डोळ्यांसमोर पडून राहिली असती, आणि मी चहा टाकून उठले असते. म्हणून तोंडात. रोज. भांडता भांडता. आणि मी सगळ्यांसमोर तुला सायखाऊ मांजर म्हणत होते आणि तू मिशीवरून हात फिरवत होतीस!

ओळखत होतीस तू मला. नाव गेलं होतं, गाव गेलं होतं, हात गेला होता, सवचं अंडं गेलं होतं. तुकडे तुकडे झाले होते तुझे. पण तूच होतीस. रविवारच्या त्या दुपारीसुद्धा तूच होतीस आणि तुला पुरतं ठाऊक होतं की समोर बसलेल्या बाईला साय चालत नाही. मी नाव मागत बसले होते.

हे उत्तर मिळालं की मोकळी होईन असं वाटलं होतं. कसली मोकळी? परकी बाई गेली असती तर सोसलं असतं. तूच गेलीस हे आता नक्की झालं. कालपर्यंत 'माहीत नाही' म्हणायला जागा होती, तीही गेली. आणि हे सगळं ज्या एका माणसाला धावत जाऊन सांगावं, तो माणूस वाडीखालच्या ओढ्याकाठी जळून गेला. तिथे काय उरलं ते मला तुझ्या व्याख्येने सांगू नकोस. मला ती व्याख्या येते.

घरी आले, पाय धुतले, चहा टाकला. टेबलाशी बसून हे लिहीत होते तेवढ्यात चहावर साय धरलीये, चांगली जाड. मी बोट पुढे नेलं. दोनदा नेलं. मला नाही जमत. आता रडतेय, मघापासून, थांबतच नाही. मालू, अगं ये ना. चहा गार होतोय गो.